मानेवर बसणारा

रविवारी सकाळी चिमाजीनं लिंबाखाली पोतं अंथरलं, त्यावर हातोडी, कानस, खूर तासायची सुरी आन् खिळ्यांचा डबा मांडला, आन् मग मान वर केली. वर करायलाच नको होती. साठ पावलांवर, पाण्याच्या टाकीच्या अंगाला, हिरव्या नळ्यांचा तो पिंजरा उभा होता, आन् पिंजऱ्याच्या तोंडाशी गोरख उभा होता. चिमाजीचा गोरख. कुणाच्या तरी बैलाच्या मानेवरून हात फिरवीत.

"हात बघा कसा फिरवू राह्यला," चिमाजी तोंडातल्या तोंडात म्हणाला. "जसं काय याच्याच गोठ्यातलं हाय."

सिन्नरच्या बाजारात बैलाला पत्री मारायची म्हणजे चिमाजीकडं जायचं, हे एकतीस वर्षं ठरलेलं. माणसाला चप्पल तशी बैलाला पत्री. एका खुराला दोन, चार पायांना आठ. मुरमाड रान आन् डांबरी सडक दोन्ही खूर खातात, म्हणून लोखंडाच्या पट्ट्या ठोकायच्या. आता बैल काय पाय पुढं करून उभा राहतो का? त्याला पाडावं लागतं. पायात दोर घालायचा, असा की बैलाला वाटावं गवताची काडी अडकली, आन् एका झटक्यात ओढायचा. ओढणारा ताकदीचा नसला तरी चालतो, पण त्याला वेळ कळली पायजे. बैल आडवा झाला की तेवढ्यात मानेवर बसायचं, शिंग मांडीखाली घ्यायचं, वरचा डोळा तळहातानं झाकायचा. मग चारी पाय एकत्र बांधून ते वर तोलून धरायला खाली लाकडाचं दोन फाट्यांचं बेळकं लावायचं. तिथून पुढं चिमाजीचं काम. तिथपर्यंतचं सगळं गोरखचं.

एकतीस वर्षांत चिमाजीला एकदाच लाथ बसली होती, ती पण गोरख बहिणीच्या लग्नाला गेला होता त्या रविवारी.

आता एवढं असून गोरख तिकडं का? तर शनिवारी दिवस मावळायच्या आत तो चिमाजीच्या दारात आला. ओट्यावर बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

"चिम्या, उद्यापास्नं मी सनीकडं उभा राह्यचं म्हणतो."

चिमाजी ऐरणीवर पत्रीला भोकं पाडत होता. हात थांबला नाही.

"राहा की."

"तुला काय बोलायचं नाय?"

"मी कोण बोलणारा? तू काय माझी बायको हाय का?"

 सरुबाई आतून पाणी घेऊन आली तोवर गोरख गेला होता.

"अवो, कारण तरी इचारायचं," सरुबाई तांब्या हातात धरून म्हणाली.

"कशाला इचारू? कारण दिसतंय ना. पिंजरा."

पिंजरा सनीचा. सनी म्हणजे लोणारवाडीचा तिशीतला गडी. एमआयडीसीत वेल्डर होता. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा घरी बसला, आन् घरी बसल्या बसल्या नळ्या जोडून हा सांगाडा केला. बैल आत घालायचा, मागून साखळी, पोटाखालून पट्टा, पाय वर उचलून दांडीला अडकवायचा. पाडायची गरज नाही. वर फळीवर मोबाईल नंबर. बैलाला तिथं उभं करून पत्री मारतानाचा व्हिडिओ पण काढायचा. पोरंटोरं बघायची, म्हातारे पण बघायचे. चिमाजी सोडून सगळे बघायचे.

दहाच्या सुमारास कुसाबाईची चहाची गाडी लिंबाखाली आली. एकतीस वर्षं रीत अशी की एक चहा घ्यायचा, कप चिमाजीला, बशी गोरखला. दोन चहा घ्यायची ऐपत नव्हती असं नाही. पडलेली सवय.

"आज बशी कोणाला देऊ रं चिमाजी?" कुसाबाईनं कप पुढं करीत विचारलं. मन वाईट नव्हतं तिचं, पण जिथं दुखतं तिथं बोट ठेवल्याशिवाय तिला करमत नसे.

"बशी ठेव तुझ्या डोक्यावर."

"अगं बाई! माझ्यावर काय चिडतो? तो बघ, तिकडं आख्खा कप घेतलाय त्यानं. सनीनं दिला."

चिमाजीनं बघितलं. खरंच, गोरखच्या हातात आख्खा कप होता. चिमाजीनं आपला चहा फेकून दिला, आन् मग दिवसभर डोकं दुखलं तेव्हा त्याचं कारण गोरखच्या माथी मारलं.

त्या दिवशी मानेवर बसायला त्यानं मयूरला आणलं होतं. मयूर म्हणजे सरुबाईच्या भावाचा मुलगा. बसस्टँडपाशी मोबाईलची कव्हरं विकायचा, लग्न झालेला, अंगानं गोल. बैलाच्या मानेवर तो फटफटीच्या मागच्या सीटवर बाई बसते तसा बसला, दोन्ही पाय एका बाजूला सोडून.

"अरे, मांडी टाक, मांडी!"

"मामा, तो बघतोय माझ्याकडं."

"मग डोळा झाक त्याचा!"

"कोणता?"

"तुझा झाक, भाड्या! कोणता म्हणजे?"

बघणारे हसले. बैलानं मान झटकली, मयूर तिकडं शेणात. बेळकं निसटलं आन् मागचा पाय सुटून चिमाजीच्या मांडीवर बसला. जागा काळीनिळी झाली. तो ओरडला नाही. ओरडला असता, पण साठ पावलांवर ऐकू गेलं असतं.

त्या साली पाऊस सप्टेंबर संपला तरी हटेना. सोयाबीन उभ्या रानात भिजलं, गोठ्यात चिखल, बैलांचे खूर मऊ पडले आन् जुन्या पत्र्या गळून पडल्या. रब्बीची पेरणी तोंडावर. म्हणून सगळ्यांना एकदमच पत्री मारायची होती, आन् चिमाजीकडं एका बैलाला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ जाऊ लागला. थांबलेली माणसं कासरा हातात घेऊन आधी टाकीकडं बघायची, मग चिमाजीकडं, आन् मग हळूच म्हणायची, "जातो जरा तिकडं. गोरखबाबा हाय ना तिकडं, एकच झालं."

एकच झालं! हे ऐकलं की चिमाजीच्या कानशिलात रक्त वाजायचं.

आठवडाभर तो घरी ऐरणीवर पत्र्या ठोकायचा आन् सरुबाई भाता ओढायची. तो दुसरं बोलतच नव्हता.

"बैलाला लोखंडात कोंडलं की त्याचं काळीज दबतं. मेलाबिला की कळंल."

"हं."

"गोरखला काय येतंय? नुसतं बसायला येतं. बसायला कोणाला येत नाय?"

"मयूरला," सरुबाई म्हणाली.

चिमाजीनं तापलेली पत्री पाण्यात टाकली, चर्र झालं.

बुधवारी तो सायकलवर कोळसा आणायला निघाला, तर सायकल गोरखच्या आळीतून गेली. ती वाट कोळशाच्या वखारीची नव्हे. दारात सनीची मोटारसायकल. दार उघडं, आन् आत सनी मांडी घालून जेवत होता. गोरख खाटेवर बसून त्याच्या ताटात भाकरी मोडून देत होता. स्वतःच्या हातानं. चिमाजीनं पायडल जोरात मारलं, साखळी निसटली, आन् बरोबर दारासमोर त्याला उतरून, वाकून, काळे हात करून साखळी बसवावी लागली. आतून गोरखनं हाक मारली, "चिम्या, ये की रं जेवायला."

"जेवलोय," चिमाजी म्हणाला. सकाळचे साडेअकरा झाले होते, आन् पोटात फक्त चहा होता.

पुढच्या रविवारी ललिता आली. दापूरची. नवरा मुसळगावला कंपनीत पाळीला जायचा, रान आन् बैल तीच बघायची. पदर खोचून बैल हाकणारी बाई, बोलायला तोलून मापून. तिच्याकडं हरण्या नावाचा बैल होता, मोठ्या शिंगाचा, पांढरा. ती आधी पिंजऱ्याकडंच गेली होती, हे चिमाजीनं पाहिलं. पण हरण्यानं नळ्या बघितल्या आन् चारी पाय रोवले. ढकललं तर मागं सरला, ओढलं तर फुरफुरला. सनीनं हात जोडले. ललिता बैल वळवून लिंबाखाली आली.

"बाबा, हा लोखंडाला भितो. तुमच्याकडंच व्हईल."

चिमाजीची छाती दोन बोटं फुगली. त्यानं आवाज मुद्दाम चढवला. "व्हईल ना! जनावराला जनावरावाणी वागवावं लागतं, मशीनवाणी नव्हे!"

मयूर आता जरा शिकला होता. शिवाय तीन माणसं धरायला आली. हरण्या पडला, पाय बांधले, बेळकं लागलं. चिमाजीनं खूर तासला. मऊ होता, सुरी चुन्यात गेल्यासारखी जात होती. अशा खुराला खिळा मारताना लय जपावं लागतं. वरचं कवच मेलेलं असतं, पण आत जिवंत मांस असतं, त्याला जिव्हाळी म्हणतात. खिळा तिरपा बाहेरच्या अंगाला निघाला पायजे. मऊ खुरात तो कसाही वळतो. चिमाजीला हे झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

तिसरा पाय झाला. चौथ्याची शेवटची पत्री. तीन खिळे बसले. चौथा बोटात धरला, हातोडी उचलली, आन् टाकीकडून हसणं ऐकू आलं.

गोरख हसत होता. एकतीस वर्षं चिमाजीनं गोरखचं हसणं ऐकलं होतं, नाकातून, एक फुंकर सोडल्यासारखं. हे तसलं नव्हतं. पोट धरून, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसत होता. सनी काहीतरी हातवारे करून सांगत होता, आन् गोरखनं हसता हसता त्याच्या खांद्यावर हात टाकला.

चिमाजीचा हात खाली आला तेव्हा डोळे तिकडंच होते.

आवाज बदलला. खुरात खिळा जातो तेव्हा टक टक वाजतं, कोरडं. हा आवाज ओला होता. बैलाचा पाय बांधलेला असून आतल्या आत थरथरला, थेट खांद्यापर्यंत. मयूरला काही कळलं नाही, तो घाम पुसत होता. ललिता पलीकडच्या बाईशी पावसाचं बोलत होती.

खिळा उपटायचा. हळद-तेल भरायचं. पत्री काढून आठ दिवस बैल घरी बांधायचा. एवढंच करायचं होतं. पण खिळा उपटला असता तर रक्त आलं असतं, रक्त आलं की माणसं जमली असती, माणसं जमली की टाकीवाले बघायला आले असते. गोरख आला असता. वाकून बघितलं असतं, आन् काही बोलला नसता.

चिमाजीनं खिळ्याचं टोक पिळून तोडलं. कानस फिरवली. वरून माती चोळली.

दोर सोडल्यावर हरण्या उठला. चार पावलं चालला. मागचा डावा पाय त्यानं नुसता टेकवल्यासारखा केला, भार दिला नाही. बघणाऱ्याला दिसलं असतं, तेवढंच. चिमाजीनं मान वर केली, तर साठ पावलांवर गोरख हसायचा थांबला होता आन् त्याच पायाकडं बघत होता. मग त्यानं चिमाजीकडं बघितलं. चिमाजी खिळ्यांचा डबा आवरू लागला.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळी सरुबाईनं भाता सोडला आन् कमरेवर हात ठेवले.

"काय झालंय?"

"कुठं काय?"

"दोन दिस झाले, तुम्ही गोरख भाऊजींना शिवी दिली नाय. आजारी हाय का तुम्ही?"

चिमाजीनं चिमट्यानं एक निखारा उलटा केला. मग सांगितलं. खिळ्याचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं. हसण्याचं सांगितलं नाही, पण सरुबाईनं ते न सांगता धरलं.

"दापूरला बारा किलोमीटर चालत गेला तो बैल," ती म्हणाली.

"माहीत हाय मला."

"मग इथं काय करू राह्यले? उठा."

दापूरच्या फाट्यावर तो वडापच्या जीपमधून उतरला तेव्हा ऊन पडलं होतं. ललिताच्या अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. हरण्या शेवरीच्या झाडाला बांधलेला. डाव्या मागच्या पायाला फडकं, फडक्यातून हळदीचा पिवळा डाग. पत्री काढलेली.

चिमाजीनं हळद-तेलाची पिशवी पाठीमागं धरली.

"बाबा! तुम्ही कशाला आले परत?" ललिता पदरानं हात पुशीत आली. "रविवारीच धाडलं ना तुम्ही गोरखबाबांना."

"मी..."

"आम्ही येऊन टेकलो नाय तोच त्यांची गाडी मागून आली. म्हणले, चिमाजीला शंका आली, एक खिळा जरा खोल गेला वाटतं, पण गर्दीत तुमची गाठ पडली नाय, म्हणून मला पळवलं. लगेच काढला बघा. वाचला बैल. दोन दिवस राहिला असता तर खूर सडला असता, म्हणत व्हते. बसा ना, भाकरी खाऊन जा."

आता इथं चिमाजीला बरं वाटायला पायजे होतं. बैल वाचला होता, नाव राहिलं होतं. पण आधी त्याचं डोकंच फिरलं. माझ्या हातचा खिळा त्यानं काढला! माझ्यासाठी खोटं बोलला, आन् आला कशावर तर सनीच्या गाडीवर! म्हणजे सनीला पण ठाऊक. दोघं गाडीवर बसून बारा किलोमीटर काय बोलले असतील?

"सनी पण व्हता?" त्यानं विचारलं.

"तर! त्यानंच तर कंबरेला धरून वर घेतलं गोरखबाबांना. एवढीशी पायरी, पण चढवंना. गुडघा केवढा सुजलेला, नारळावाणी. मी म्हणलं, बाबा, कोणाला दाखवा. तर म्हणले, चार वर्षं झाले दाखवून. डॉक्टर म्हणतो खाली बसायचं नाय, झटका द्यायचा नाय. उभ्यानं काय काम असंल तर कर."

चार वर्षं. चिमाजी हिशेब करायला गेला आन् त्यानं तो सोडून दिला. दर रविवारी किती बैल, आन् दर बैलाला गोरख गुडघा मोडून मानेवर बसायचा. उठताना कधीकधी लिंबाला धरायचा. चिमाजी म्हणायचा, "उठ रं, म्हातारा झाला का?"

ललितानं भाकरी वाढली, ठेचा वाढला. त्यानं खाल्लं. खाताना ती म्हणाली, "असं स्वतःहून माणूस धाडणारं आता कोण राह्यलंय?"

"हं," चिमाजी म्हणाला. त्यानं राहिलेली भाकरी संपवली.

त्यापुढचा रविवार त्यानं मान खाली घालून काढला. टाकीकडं बघितलं नाही. कुसाबाईनं दोनदा टोमणा मारला, त्यानं उत्तर दिलं नाही, तेव्हा ती बिचारी घाबरली आन् चहात साखर जास्त टाकली.

दसरा झाला. त्यानंतरच्या रविवारी ललिता हरण्याला घेऊन आली. पाय भरला होता, बैल नीट चालत होता. लिंबाखाली पाच-सहा जण कासरे धरून थांबलेले. ललितानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली.

"पत्रीवाला असावा तर असा! गर्दीत चूक झाली तर झाली, पण त्याच दिवशी माणूस धाडला घरी. कोण करतं?"

"चिमाजीबाबा हाय तो," एक म्हातारा म्हणाला. "जुनं माणूस."

चिमाजीच्या ओठात दोन खिळे धरलेले होते, काम करताना धरायचा तसे. ते त्यानं काढले.

"मी नाय धाडलं."

"अं?"

"मी धाडलं नाय त्याला. तो आपल्या मनानं आला. खिळा जिव्हाळीत गेला ते मला तेव्हाच कळलं व्हतं. मी तसाच दाबला."

 

ललिता दोन पावलं पुढं आली. "तुम्हाला माहीत व्हतं?"

"व्हतं."

"आन् तसाच चालवत धाडला?"

चिमाजीनं मान डोलावली.

"आन् माझ्या घरची भाकरी खाल्ली तुम्ही. बसून." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कासरा वळवला आन् बैल टाकीकडं नेला. मागोमाग ते पाच-सहा जणही हळूहळू सरकले. जुनं माणूस म्हणणारा म्हातारा सगळ्यात आधी.

पण हरण्याला कुठं माणसांचं भांडण ठाऊक? त्यानं नळ्या बघितल्या आन् पुन्हा पाय रोवले. सनीनं मागून ढकललं, ललितानं पुढून ओढलं. बैल दोन पायांवर उभा राहिला, शिंग नळीवर आदळलं, खणकन आवाज झाला.

"नको ताई," सनी घामानं निथळत म्हणाला. "आत गेला तरी पाय मोडून घेईल. याला पाडावाच लागंल."

"मग पाडा. उद्या पेरणी हाय माझी."

सगळ्यांनी गोरखकडं बघितलं. गोरखनं आपल्या गुडघ्याकडं बघितलं. मग त्यानं साठ पावलं पलीकडं बघितलं.

"चिम्या," त्यानं हाक मारली. "दोर आण."

चिमाजी दोर, हातोडी, सगळं पोत्यात बांधून घेऊन आला. ही साठ पावलं तो कधी चालला नव्हता. पोहोचला तशी ललिता आडवी आली.

"ह्यांच्या हातात हातोडी द्यायची नाय."

"नाय देत," गोरख म्हणाला. "मी ठोकतो."

"तू?" चिमाजीच्या तोंडून निघून गेलं. एकतीस वर्षांत त्यानं गोरखच्या हातात हातोडी दिली नव्हती. एकदा गोरखनं मागितली होती, लय वर्षांपूर्वी. तेव्हा चिमाजी म्हणाला होता, तुझा हात हलका हाय.

"इथं गोरखबाबाच ठोकतात," सनी म्हणाला. त्याला काय ठाऊक, तो आपला साधेपणानं बोलला. "आले त्या दिवसापास्नं. मी नुसता बैल आत घालतो. मला अजून जमत नाय तेवढं."

चिमाजीनं सनीकडं बघितलं, मग गोरखकडं. गोरखनं नजर दुसरीकडं नेली. म्हणजे हे होतं. नुसता गुडघा नव्हता, हातोडी पण होती.

"चार वर्षं झाले म्हणं गुडघ्याला," चिमाजी म्हणाला.

"झाले."

"मला सांगायचं व्हतं."

"सांगितलं व्हतं दोनदा. तू खिळे मोजत व्हता."

 गोरख चिमाजीच्या मागून आलेल्या मयूरकडं बघून म्हणाला, "मानेवर कोण? मयूर?" मयूर दोन पावलं मागं सरला.

"मी बसतो," चिमाजी म्हणाला.

दोर त्यानंच घातला. गोरख पिंजऱ्याला टेकून उभ्यानं सांगत होता, "थांब. अजून नाय. त्याला पाय बदलू दे. आत्ता!" चिमाजीनं ओढला. हरण्या मोठं झाड पडावं तसा आडवा झाला. चिमाजी धावला, शिंग मांडीखाली घेतलं आन् मानेवर बसला. वरचा डोळा झाकला. तळहाताखाली पापण्या फडफडल्या. सनीनं पाय बांधले, बेळकं लावलं, गोरखसाठी लोखंडी स्टूल आणून ठेवलं, पाय लांब करून बसता यावं असं.

आन् तेव्हा चिमाजीला कळलं, की मानेवर बसणाऱ्याचं तोंड बैलाच्या तोंडाकडं असतं. मागं काय चाललंय ते त्याला दिसत नाही. खिळा दिसत नाही, हात दिसत नाही, काही दिसत नाही. फक्त मांडीखाली बैलाचा श्वास असतो. एकतीस वर्षं गोरखनं एकही खिळा पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता.

मागून खुरावर सुरी फिरल्याचा आवाज आला. मग टक टक. कोरडा. सरळ. चिमाजीनं कान दिला. हात हलका होता, पण चुकत नव्हता. पहिला खिळा. दुसरा.

"पाह्यलं का," मागून गोरखचा आवाज आला, हळू, समजावणीचा. "असा बाहेरच्या अंगाला तिरपा धरायचा. बोटाला कळतं. धर तू, हा पुढला तू मार."

"मी?" सनीचा आवाज.

"मार. मी हाय ना."

चिमाजीच्या कानशिलात रक्त चढलं. छाती भात्यासारखी वर झाली. त्या क्षणी मांडीखालची मान ताठरली. हरण्यानं फुरर करून नाकातून वारं सोडलं, बांधलेले पाय बेळक्यावर घसरले.

"ए! काय झालं रं?" गोरख मागून ओरडला. "धर त्याला!"

उठता येत नव्हतं. मान वळवून बघताही येत नव्हतं. तुमच्या पोटातलं जनावराला मानेतून कळतं, हे गोरख नेहमी म्हणायचा आन् चिमाजी हसायचा. आता त्यानं डोळे मिटले. श्वास आत घेतला, आतच धरला, मग सोडला, हळू. पुन्हा घेतला. मागं ते दोघं काहीतरी कुजबुजले. त्याचं ध्यान श्वासाकडंच लागलं. बैलाची मान थोडी सैल झाली. अजून थोडी. तळहाताखालची पापणी थांबली.

"चिम्या, सनीला मारू देऊ का?" गोरखनं विचारलं.

चिमाजीनं आणखी एक श्वास जाऊ दिला.

"मार," तो म्हणाला.